शेवटच्या गाण्याचा उजेड

एव्हारिस्तो बर्रुतीच्या कार्यशाळेला मी शिकायला गेले नव्हते. त्यानं माझं नाव गिळलं होतं, आणि ते चारचौघांत त्याच्याच तोंडून बाहेर काढायचं होतं. एवढ्यासाठीच गेले होते.

उरुग्वेच्या राजधानीत, मोन्तेविदेओत, रंगमंचाच्या दिव्यांवर पोट भरणारी माणसं मोजकीच, त्यामुळे सगळे सगळ्यांना ओळखतात. थंडीत कार्यक्रम कमी होतात, थिएटरं रिकामी पडतात, तेव्हा एव्हारिस्तो ही कार्यशाळा घेतो. नाटकाचे दिवे, गाण्याच्या कार्यक्रमाचे दिवे, सगळं. पोरं लांबलांबून येतात. मीही एके काळी अशीच आले होते आणि पुढे त्याची सहाय्यक झाले. त्याला आम्ही मास्तर म्हणतो. मी अजूनही म्हणते; तोंडाची सवय मनाच्या आधी सुटत नाही.

गायिका निल्दा सास्त्रेच्या कार्यक्रमाची प्रकाशयोजना माझी. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत माझी. तेव्हा ब्रूना पोटात होती आणि शिडीवर उभी राहिले की मला माझेच बूट दिसायचे नाहीत. सगळं लावून झालं, तालीम झाली, आणि मग मास्तर मला विंगेत घेऊन गेला.

"पोरी, या पोटानं तू वर चढतेस आणि माझ्या काळजाचं पाणी होतं. घरी जा. उरलेलं मी बघतो."

उरलेलं काही नव्हतंच. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पोस्टरवर त्याचं नाव होतं, एकट्याचं. वर्षाअखेर बक्षीस मिळालं तेही त्यालाच. मी फोन केला. तो हसत म्हणाला, "अगं, तू तेव्हा आई होत होतीस. ते काय कमी झालं?"

ते वाक्य मी ब्रूनाला पाजताना चघळलं, तिची लंगोटं वाळत घालताना चघळलं. त्याला चव येत गेली.

मग कळलं, निल्दाबाई पुन्हा दौऱ्यावर निघणार आहेत. मागच्या हिवाळ्यात साल्तो शहरात भर कार्यक्रमात त्यांचा गळा बसला होता, ऑपरेशन करावं लागलं, कित्येक महिने त्या गायल्या नाहीत. आता आवाज परत आला होता. दौऱ्याचे दिवे कोणाकडे द्यायचे ते कार्यशाळेच्या शेवटच्या दिवशी ठरणार होतं. ठरणार म्हणजे काय, ठरलेलंच होतं. त्या येणार, मास्तर तोच जुना उजेड त्यांच्यावर पाडून पोरांना शिकवणार, टाळ्या होणार, आणि काम त्याच्या खिशात.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे रंगमंचावर पिवळा रंग चालत नाही. पिवळा झगा म्हणा, पिवळं फूल म्हणा, पिवळा रुमालसुद्धा नाही. का, ते कोणी विचारत नाही. अवदसा येते, संपलं. दिव्यांपुढे लावायच्या रंगीत जिलेटिन कागदांच्या नव्या गठ्ठ्यातून पिवळे कागद आधी काढून टाकतात आणि मगच गठ्ठा थिएटरात आणतात. चुकून दिसला तर पुरुष आपल्या चड्डीच्या डाव्या बाजूला हात लावतात आणि बाया डाव्या छातीला, नजर उतरवल्यासारखा. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकले आहे. मी हे मानत नाही. पण साल्तोची बातमी आली त्या दिवशी ब्रूनाचा पिवळा स्वेटर मी शेजारणीला देऊन टाकला, तेही खरं.

शेवटच्या दिवशी ब्रूनाला सांभाळायला सासूबाईंना, ग्लॅडिसना, बरोबर घेतलं. ब्रूना नुकती चालायला लागली होती, आणि थिएटरच्या दर्शनी हॉलमध्ये मला पाऊल टाकल्याटाकल्या तीन-चार धोके दिसले.

"ग्लॅडिस, तिची टोपी काढू नका. दारातून नदीवरचा वारा येतो. आणि त्या खांबामागे वायर लोंबते आहे, तिकडे जाऊ देऊ नका."

"नोएलिया, मी मुलं वाढवली आहेत. एकालाही वायरीनं खाल्लं नाही."

"तिनं रडायला सुरुवात केली तर—"

"तर रडेल. तू आत जा. त्या माणसाचं काय करायचं ते एकदाचं करून ये. जेवताना रोज त्याचं नाव ऐकून माझं अन्न अंगी लागेनासं झालंय."

खांद्यावर ब्रूनाचं दुधाचं फडकं तसंच होतं. मी ते काढलं नाही.

आत पोरं पहिल्या रांगांत बसली होती, माते नावाच्या कडवट चहाचा पेला हातोहात फिरत होता. थिएटरचा मुख्य कामगार काचो, निल्दाबाईंबरोबर साल्तोलाही गेलेला, थर्मास काखेत धरून विंगेत उभा. झोपताना तरी तो थर्मास खाली ठेवतो की नाही, देव जाणे. निल्दाबाई आल्या त्या कार्यक्रमातल्याच गडद लाल झग्यात. मास्तरनं तसं मुद्दाम सांगितलं होतं. मला पाहून त्यानं मान हलवली, लग्नात नको असलेल्या पाहुण्याला हलवतात तशी.

"आमची नोएलिया. पूर्वी मला मदत करायची. बाळ कसं आहे?"

"दात येताहेत, मास्तर. चावते."

पोरं हसली. तोही हसला.

मग त्यानं शेवटचं गाणं घेतलं. निल्दाबाई मधोमध उभ्या राहिल्या, आणि दिव्यांच्या बोर्डावरून तो उजेड हळूहळू वर आला. मी तो कितीतरी महिन्यांनी पाहत होते. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्या काट्याचाही मला राग आला.

"याला मी मध म्हणतो," मास्तर म्हणाला. "बघा, चेहऱ्यावर कसा रेंगाळतो. एकदा पहाटे रांब्लावर, नदीकाठच्या रस्त्यानं, एकटाच चालत होतो. नदीवर उजेड फुटत होता. तिथे मला हा सापडला."

त्याला पहाट माहीतच नाही. तो दहाच्या आत उठत नाही. तो उजेड मला सापडला होता ताकुआरेम्बोच्या बसस्टँडवर, ओकारी दाबून धरत, समोरची बस सुटत असताना.

मी हात वर केला. "मास्तर, हा मध काढलात कशातून?"

"चांगला प्रश्न. डावीकडून लाल, उजवीकडून हिरवा. दोन्ही तिरके, दोन्ही मंद. जिथे मिळतात तिथे निल्दा."

"आणि दिवे कोणी लावले?"

त्याचे डोळे जरा बारीक झाले. पण समोर पोरं होती, निल्दाबाई होत्या.

"मी. एकूणएक दिवा माझ्या या हातांनी. त्यात दुसऱ्या कोणाचं बोटसुद्धा लागलेलं नाही."

"नक्की?"

"पोरी, बक्षीस काय असंच देतात?"

"मग मला एक बघायचंय," मी म्हणाले आणि पायऱ्या चढून रंगमंचावर गेले. कोणी अडवलं नाही; कार्यशाळेत वर यायची मुभा असते. निल्दाबाईंच्या शेजारी उभी राहिले, खांद्यावरचं फडकं काढलं आणि त्यांच्या छातीजवळ पसरून धरलं.

फडकं पांढरं होतं. त्या उजेडात ते पिवळंधमक झालं. मध नव्हे, केशर नव्हे. पिवळं.

लाल आणि हिरवा उजेड मिळून पिवळा होतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. मास्तरनं ते स्वतः शेकडो पोरांना शिकवलं असेल. पण आमच्या लोकांची खोडच अशी की गठ्ठ्यातून पिवळा कागद काढून टाकला म्हणजे पिवळा रंग थिएटरातून गेला, असं मानून सगळे निर्धास्त होतात. वर लाल झगा, खाली तपकिरी फळ्या, मागे काळा पडदा. त्यांच्यावर तो मधासारखाच दिसायचा. पांढरं त्या उजेडात कधी काही आलंच नव्हतं. मी येऊ दिलं नव्हतं.

काचोच्या काखेतून थर्मास निसटला. हात थेट चड्डीकडे गेला. "आईशप्पथ," तो पुटपुटला.

समोरच्या रांगांत खुर्च्या करकरल्या. निल्दाबाईंनी आधी फडक्याकडे पाहिलं, मग आपला तळवा उजेडात धरला, उलटसुलट करून पाहिला. मग तोच तळवा डाव्या छातीवर ठेवून त्या मागे अंधारात सरकल्या.

"काचो, साल्तोला हाच होता?"

"रोज हाच होता, निल्दाबाई."

"माझा गळा बसला तेव्हा?"

"तेव्हा शेवटचंच गाणं चालू होतं," काचो म्हणाला. त्याला खोटं बोलायला वेळच मिळाला नाही.

मास्तर बोर्डाजवळून घाईघाईनं पुढे आला. "निल्दा, ऐक. शास्त्राप्रमाणे याला पिवळा म्हणता येत नाही. एक दिवा लाल आहे, एक हिरवा आहे—"

"एव्हारिस्तो, मी गाणारी आहे, आंधळी नाही. रोज रात्री माझ्या डोक्यावर हे ओतत होतास? वरून मधाच्या गोष्टी सांगत होतास?"

"मी नाही ओतलं."

"आत्ता तर म्हणालास, तुझ्या हातांनी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी फडक्याची घडी घालत होते. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि तो माझ्याच हिरव्या दिव्यात चमकत होता. घाम किती छान दिसतो हिरव्यात. हे मी विसरलेच होते.

"हा माझा नाही," तो म्हणाला. "हिचा आहे. नोएलियाचा."

"म्हणजे?"

"सगळा कार्यक्रम हिचा आहे. मी आयता घेतला. शपथ घेऊन सांगतो निल्दा, मी एक दिवासुद्धा जागचा हलवला नाही. हिनंच केलंय हे."



"मास्तर," मी म्हणाले, "मागच्या रांगेला ऐकू आलं नसेल."

 मला वाटलं, आता शिवी देईल. पण निल्दाबाई त्याच्याकडे पाहत होत्या, आणि अवदसा त्याला स्वतःच्या अंगावरून झटकून टाकायची होती. तो पोरांकडे वळला आणि मोठ्यानं म्हणाला, "निल्दा सास्त्रेच्या कार्यक्रमाची प्रकाशयोजना नोएलिया इराओलाची आहे. माझी नाही."

बक्षिसाच्या दिवशी त्यानं आभाराचं भाषण केलं होतं ना, त्याच आवाजात. मला ते गोड लागलं. खोटं कशाला बोलू.

निल्दाबाई माझ्यासमोर आल्या. जवळून त्यांचा चेहरा पोस्टरपेक्षा थकलेला होता, आणि गळ्यावर स्कार्फ घट्ट गुंडाळलेला. तो मी फार वेळ पाहिला नाही. 

"चुकून झालं की मुद्दाम?"

चुकून म्हणता आलं असतं. कदाचित त्यांनी क्षमाही केली असती. पण चुकून म्हटलं असतं तर तो उजेड पुन्हा माझा राहिला नसता.

"मुद्दाम. त्या गाण्यात पहाटे बस सुटते आणि निरोपाला कोणी हात हलवत नाही. त्याला दुसरा रंग नव्हता."

"मला विचारायचं होतंस."

"तुम्ही नको म्हणाला असता."

"अर्थात म्हणाले असते." त्यांनी काचोच्या हातून कोट घेतला. "मग ऐका. माझ्या दौऱ्याच्या आसपास तुम्ही दोघंही दिसायचं नाही. तू खोटारडा म्हणून, आणि तू खरी म्हणून."

विंगेत जाऊन त्या परत वळल्या. "उजेड चांगला होता, पोरी. तेच तर वाईट आहे."

दार बंद झालं. हे असंच होणार, हे मी घरून निघतानाच जाणून होते. त्याला खड्ड्यात ढकलायचं तर मलाही काठावर यावं लागणार होतं. तोल गेला तर दोघं. या शहरात आता कित्येक वर्षं पिवळीवाली म्हणून मला कोणी शिडीवर चढू देणार नाही. पण त्यालाही नाही देणार. ते आधी, माझं नंतर.

मास्तरनं रुमालानं तोंड पुसलं. "आज इथंच थांबू या."

"का?" मी पहिल्या रांगेत येऊन बसले. "कार्यशाळा संध्याकाळपर्यंत आहे. लोक लांबून आलेत."

रिवेराहून आलेली एक चुणचुणीत मुलगी होती. तिनं वही उघडली आणि भीतभीत विचारलं, "मास्तर, पण दोन तिरक्या दिव्यांत चेहऱ्यावर दोन सावल्या पडायला हव्यात. त्या का नाही पडत?"

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. उत्तर त्याला येत होतं. चोरलेली गोष्ट माणूस नीट पाठ करतो.

"कारण इथे खालून एक मंद दिवा ठेवलाय," तो म्हणाला.

"कोणी?" मी विचारलं.

"हिनं."

"नाव, मास्तर."

"नोएलियानं."

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि ब्रूनाचं भोकाड ऐकू आलं. ग्लॅडिस तिला काखोटीला मारून अंधारातून चाचपडत खाली येत होत्या. टोपी नव्हती.

"ही आता माझं ऐकत नाही. भुकेली आहे. झालं का तुझं?"

"होतंय," मी म्हणाले आणि ब्रूनाला छातीशी घेतलं. ती हुंदके देत देत प्यायला लागली. मास्तर दुसरीकडे पाहत बोलत राहिला. दर दोन वाक्यांनी त्याला माझं नाव घ्यावं लागत होतं, आणि विसरला की मी नुसती मान वर करायचे.

थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, माझ्या दोन्ही बाजूंच्या पोरांनी गुपचूप जागा बदलल्या होत्या. डावीकडच्या खुर्च्या रिकाम्या, उजवीकडच्याही. मी ब्रूनाचे बूट काढले आणि तिला ऐसपैस आडवं केलं.