दाराबाहेरचा बाक

मित्रांनो, उभे का? बसा ना. माझ्यावर बसायला आजवर कुणी परवानगी मागितली नाही, तुम्हीही मागू नका. फक्त डाव्या टोकाला जरा जपून. तिथला माझा पाय आखूड आहे आणि नव्या माणसाला तो एकदा तरी दचकवतोच.

मी बाक आहे. लाकडी, पाठ असलेला आणि आता बराच जुना. एका शाळेच्या लांबलचक व्हरांड्यात, शेवटच्या खोलीच्या दाराबाहेर माझा मुक्काम असतो. त्या खोलीवर 'मार्गदर्शन कक्ष' अशी पाटी आहे. शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुले तिथे येतात. पुढे काय शिकायचे, कोणत्या कॉलेजात जायचे आणि मुख्य म्हणजे त्यासाठी पैसा आणायचा कुठून, हे तिथे ठरते.

माझा जन्म याच शाळेतला. व्यायामशाळेची जुनी लाकडी जमीन उखडली, तेव्हा निघालेल्या फळ्यांतून एका सुताराने मला घडवले. सुतार हाताचा चांगला होता, पण भुकेला होता. शेवटचा पाय आखूड झाला तेव्हा तो "चालतंय" म्हणाला आणि जेवायला गेला. त्याचे ते 'चालतंय' मी जन्मभर भोगतो आहे. तरी पॉलिश झाल्यावर मी असा काही चमकलो की मुख्याध्यापकांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना मला दाखवले. आधी चित्रकलेच्या वर्गात होतो, मग आजारी मुलांच्या खोलीत, आणि शेवटी इथे आलो. माझ्या पोटाला खालून किती पिढ्यांचे च्युइंगम चिकटले आहे, ते विचारू नका.

माणूस मला चेहऱ्यावरून कळत नाही, बसण्यावरून कळतो. ज्यांच्या खिशाला ऊब असते, ते पाठ टेकून ऐसपैस बसतात. ज्यांच्या मनात धाकधूक असते, ते अगदी कडेला बसतात, जणू कुणीतरी येऊन उठवणारच आहे. शिवाय माझी पाठ खोलीच्या प्लायवूडच्या भिंतीला लागून आहे. त्यामुळे आत बोललेले सगळे मला ऐकू येते, आणि बाहेर बोललेले तर माझ्यावरच बसून बोलतात. आतले आणि बाहेरचे बोलणे पुष्कळदा जुळत नाही. पोटात एक, ओठात एक म्हणतात ना, त्यांतले पोटातले माझ्या वाट्याला येते.

आतल्या बाईंचे नाव मुलांनी 'पुढे-काय बाई' असे ठेवले होते. जिन्यावर, मैदानात, अगदी पाणी प्यायच्या नळापाशीसुद्धा त्या मुलांना गाठून विचारायच्या, "पुढे काय?" एक मुलगा शिंकला, तर त्यावरही बाईंनी "पुढे काय?" विचारले म्हणतात. ही गोष्ट खोटी आहे, पण बाईंना शोभते. बाई जिवाला लावून घेणाऱ्या होत्या. कुणाची शिष्यवृत्ती, कुणाची वसतिगृहाची जागा, कुणाची फी माफी, यासाठी त्या कॉलेजांना फोन करकरून त्यांचा पिच्छा पुरवायच्या.

त्यांची एक पद्धत होती. मुलाला आणि पालकांना एकत्र बोलवायचे, टेबलासमोर बसवायचे आणि स्वच्छ विचारायचे, "खर्च झेपेल, की मदतीसाठी अर्ज करायचा?" मुलापासून काही लपवाछपवी नको, असे त्यांना वाटायचे. बाई सरळ होत्या, प्रश्नही सरळ होता. पण मुलाच्या देखत बापाला 'झेपेल का' असे विचारले, तर बाप काय उत्तर देईल, हे त्यांच्या कधी ध्यानात आले नाही.

आता रंगाऱ्याची गोष्ट सांगतो.

घरे रंगवणारा तो माणूस सुट्टीत आमच्या शाळेच्या भिंतीही रंगवायचा. बरोबर त्याच्या दोन मुली असायच्या. त्यांना तो 'मोठी' आणि 'धाकटी' अशाच हाका मारायचा. धाकटी खडूने जमिनीवर घरे काढायची. मोठी बाबांच्या डब्यात काठी घालून रंग ढवळायची आणि प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडायची.

"बाबा, उन्हातल्या भिंतीचा रंग आधी का उडतो?"

"ते मला कळलं असतं, तर मी रंगाचा कारखाना नसता काढला?"

"मग मी शोधून काढते."

"काढ बाई, काढ. पण आधी तो डबा आण."

एकदा व्हरांडा रंगवून झाल्यावर त्याने मलाही रंग दिला. कारकुनाने त्याचे पैसे देऊ केले, तर म्हणाला, "उरलेला रंग होता साहेब, त्याचे कसले पैसे?" रंग उरलेला नव्हता. त्याने माझ्यासाठी नवा डबा फोडला होता, मी डोळ्यांनी पाहिला. असा तो माणूस. देताना हात सैल, घ्यायची वेळ आली की मूठ घट्ट.

मोठी शेवटच्या वर्षाला आली. रसायनशास्त्र शिकायचे, तेही दूरच्या शहरातल्या कॉलेजात, कारण रंगांचा खास अभ्यास तिथेच होता. बाईंनी दोघांना बोलावले. रंगारी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, पण नखांतला रंग काही निघाला नव्हता. तो माझ्या अगदी कडेला बसला आणि हात मांड्यांखाली लपवून ठेवले.

"बाबा, बाई मदतीचं विचारतील. सांगाल ना?" मोठी हळूच म्हणाली.

"बघू."

"बघू नाही. सांगा."

"सांगतो गं. चल आता."

आत गेल्यावर बाईंनी आधी मोठीचे तोंड भरून कौतुक केले आणि मग नेहमीचा प्रश्न विचारला. मी मनात म्हटले, बोल बाबा, बोल. आणि रंगाऱ्याचा आवाज आला, चांगला खणखणीत, "पैशाची काही अडचण नाही, बाई. पोरगी शिकते म्हटल्यावर बाप कशाला आहे?"

"वा! मग प्रश्नच मिटला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या मुलाला हाक मारली.

बाहेर आल्यावर मोठी माझ्यावर धपकन बसली. "असं का म्हणालात?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, बाळा. ज्या शाळेच्या भिंती मी रंगवल्या, तिथेच हात पसरू? करतो मी काहीतरी."

मोठी मूग गिळून बसली. बाबांना बाईंसमोर खोटे पाडणे तिच्याच्याने होणार नव्हते. मला मात्र दोघांचीही कीव आली. मला तोंड असते, तर मी त्या दिवशी ओरडलो असतो.

मदतीच्या अर्जांची मुदत संपून गेली. पुढे मोठीला त्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि बाई व्हरांड्यात धावत आल्या. धावताना त्यांची एक चप्पल मागेच राहिली. सगळी शाळा खूश झाली. मीही झालो, खोटे का सांगू?

त्यानंतर एका सकाळी रंगारी एकटाच आला. बाईंच्या खोलीत कुणीतरी होते, म्हणून तो बसून राहिला. पैशासाठी रंगाऱ्याने काय काय केले होते, ते मला तेव्हा कळले, कारण तो स्वतःशीच पुटपुटत होता. पतपेढीने जामीन मागितला होता. भावाने हात वर केले होते. दोन घरांची कामे एकदम घेऊनही फीच्या पहिल्या हप्त्याची जुळवाजुळव होत नव्हती. आता बाईंना काय सांगायचे, तेच वाक्य तो पुन्हा पुन्हा घोटत होता.

"बाई, जरा अडचण आहे. बाई, एक बोलायचं होतं. बाई, त्या दिवशी मी..."

एवढ्यात दार उघडले. बाई दारातच उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा फुलला.

"अहो, तुम्ही! या, या! काय मुलगी आहे हो तुमची! आणि खरं सांगू का? सगळेच पालक तुमच्यासारखे असते, तर माझं निम्मं काम कमी झालं असतं. इथे जो येतो, तो रडतच येतो. तुम्ही एका शब्दाने मला त्रास दिला नाही."

रंगारी उभा राहिला. त्याचे ओठ हलले. मग तो हसला आणि म्हणाला, "आभार मानायला आलो होतो, बाई."

आणि तो गेला. मित्रांनो, माझ्यावर बसून कितीजण रडले असतील, पण त्या हसण्याने मला जेवढे रडू आले, तेवढे कुणाच्या रडण्यानेही आले नाही.

मोठी कॉलेजात गेली नाही. रंगाच्या दुकानात कामाला लागली. तिथे एक यंत्र असते. गिऱ्हाईक सांगेल ती छटा त्यात मिसळून देतात. मोठी दिवसभर त्या यंत्रापाशी उभी राहायची.

बाईंना ते कळले कॉलेजातून फोन आला तेव्हा, तुमची विद्यार्थिनी अजून का आली नाही, असे विचारणारा. बाईंनी तिला बोलावून घेतले. ती दुकानाचा डागाळलेला कोट घालूनच आली आणि माझ्यावर बसली. बाई बाहेर आल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. इतक्या वर्षांत बाई माझ्यावर पहिल्यांदाच बसल्या होत्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"बाबांनी तुमच्यासमोर सांगितलं होतं, बाई. त्यांना खोटं कसं पाडू?"

"एकटी यायचीस गं."

"एकटी आले असते तरी तेच झालं असतं ना? बाबा खोटं बोलले, असंच सांगावं लागलं असतं."

बाईंनी डोळे पुसले. "कॉलेजचा मदतनिधी होता. शाळेने नाव सुचवायचं असतं. या वर्षी आपल्या शाळेची एक जागा तशीच रिकामी गेली. नाव द्यायला माझ्याकडे कुणी नव्हतं."

मोठी कोटावरचा वाळलेला डाग नखाने खरवडत राहिली. मग तिने विचारले, "पुढच्या वर्षी?"

"नाही गं. तो शाळेतून थेट जाणाऱ्यांसाठीच असतो."

"बरं," मोठी म्हणाली. थोड्या वेळाने ती उठली. "बाई, जागा रिकामी गेली, हे बाबांना कधीच सांगू नका. ते उंचावर काम करतात. हात थरथरून चालत नाही."

बाईंनी तिला तसा शब्द दिला. ती गेल्यावरही त्या कितीतरी वेळ माझ्यावर बसून होत्या. शाळा सुटली, पोरे आरडाओरडा करत समोरून गेली, पण बाईंनी एकालाही "पुढे काय?" विचारले नाही.

त्या दिवसापासून बाईंची पद्धत बदलली. आत बोलवायच्या आधी त्या बाहेर येतात, पालकांच्या शेजारी बसतात आणि मुलाला पाणी आणायला पाठवतात. 'झेपेल का' असे विचारतच नाहीत. "मी सगळ्यांचेच अर्ज भरते," असे म्हणतात. ज्याला नको असेल, त्याने नको म्हणावे. आश्चर्य म्हणजे फारसे कुणी नको म्हणत नाही. मला आनंद व्हायचा, पण मनात कडवटपणा राहायचा. हे सगळे वरातीमागून घोडे होते. जिची वरात होती, ती दुकानात उभी होती.

मग धाकटीचे शेवटचे वर्ष आले. तिघेही आले. धाकटी पाणी आणायला गेली. बाई रंगाऱ्याच्या शेजारी बसल्या. "हल्ली सगळ्यांचेच अर्ज भरते मी. डॉक्टरांच्या मुलाचासुद्धा."

रंगारी आता म्हातारा दिसू लागला होता. त्याने हात मांड्यांखालून काढले, समोर धरले आणि आपल्या नखांकडे पाहिले. "बाई, आम्हाला झेपणार नाही," तो म्हणाला. "मोठीच्या वेळीही झेपणार नव्हतं."

बाई फक्त "बरं केलंत, सांगितलंत," एवढेच म्हणाल्या. धाकटी परत आली आणि बाई तिला आणि रंगाऱ्याला घेऊन आत गेल्या. मोठी कोटाचे डाग लागतील म्हणून बाहेरच थांबली. तिची पाठ माझ्या पाठीला टेकली होती आणि आतले बोलणे मला ऐकू येत होते तसेच तिलाही येत होते. बाईंनी त्याच कॉलेजच्या मदतनिधीची सगळी माहिती सांगितली. फी, वसतिगृह, पुस्तके, सगळे त्यातून मिळणार होते.

"बाई," रंगाऱ्याने विचारले, "हा निधी आधीपासून होता का?"

माझ्या पाठीवरची मोठीची पाठ ताठ झाली.

"नाही हो," बाई म्हणाल्या. "यंदाच निघालाय."

रंगाऱ्याने मोठा श्वास सोडला. "म्हणजे तेव्हा मी बोललो असतो, तरी उपयोग नव्हता."

"नव्हता," बाई म्हणाल्या.

मोठीने कोटाची बाही तोंडात कोंबली आणि ती रडली. प्लायवूड पातळ आहे, हे तिला ठाऊक होते, म्हणून आवाज न करता रडली. दार उघडले तेव्हा तिचा चेहरा कोरडा होता. "झालं का, बाबा?" तिने विचारले. "झालं गं," रंगारी म्हणाला आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी त्याची मान ताठ दिसली.

मित्रांनो, आता व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या येणार आहेत, असे कानावर आले आहे. मला अडगळीत टाकतील किंवा फोडून जाळतील. माझे म्हणाल, तर तक्रार नाही. पण तुम्ही उद्या मोठे व्हाल, कुणाचे तरी शिक्षक व्हाल, शेजारी व्हाल. तेव्हा कुणी पटकन "काही अडचण नाही" म्हणाले, तर लगेच पुढच्याला हाक मारू नका. त्याच्या शेजारी बसा आणि जरा वेळाने पुन्हा विचारा. मोठीच्या बाबांना कुणी दुसऱ्यांदा विचारले नव्हते.