मक्याच्या रानातला पूल

"अवो, उठा आधी! तुमच्या म्हायेरचा पूल आलाय आपल्या रानात!"

ह्युल्डा मागच्या दारातनं ओरडली तेव्हा ओर्व्हल हॉस्किन्स गाईच्या कुशीला डोकं टेकून धार काढत होता. आठवडाभर कोसळून पाऊस नुकता कुठं थांबला होता. गोठ्यात घोटाभर चिखल, अंगावरचे कपडे ओले, त्यात गाय बिथरलेली.

"गड्याला कसलं आलंय म्हायेर?" तो बसल्या जागेवरनं म्हणाला. "आन् पूल म्हंजे काय पाव्हणा हाय व्हय, उठून यायला?"

"पाव्हणाच की. या, बगा तरी. ऐसपैस बसलाय."

बादली तशीच ठेवून ओर्व्हल बाहेर आला. पिजन क्रीकचं पाणी ओसरलं होतं. क्रीक म्हणजे तसा ओढाच, पण त्या वसंतात त्यानं नद्यांना लाजवलं होतं. आणि ओसरल्या पाण्यात, ओर्व्हलच्या खालच्या बारा एकरांत, दोन अक्रोडांच्या मधे टॅरीव्हिलचा छपराचा पूल उभा होता. अख्खाच्या अख्खा. लाल फळ्यांच्या भिंती, वर छप्पर, कपाळाला पितळी पाटी. एका अंगानं जरा कलंडलेला, प्रार्थना चुकवून गुत्त्यात बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. आतल्या तुळईवर कुणाचीतरी कोंबडी अंग फुगवून बसली होती.

"घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं," ह्युल्डा म्हणाली.

 त्या बारा एकरांसारखी माती अख्ख्या ग्रेशम काउंटीत नव्हती. काळीभोर, लोण्यासारखी, मूठ दाबली तर बोटांचे ठसे उमटावेत. मक्याची पेरणी तोंडावर आलेली, आणि रानाच्या ऐन मध्यावर हे धूड.

म्हायेराचा टोमणा ह्युल्डा लग्नापासून मारत आलेली. क्रीकच्या उत्तरेला टॅरीव्हिल, दक्षिणेला आल्टडॉर्फ. ओर्व्हल उत्तरेचा. त्याचा पणजा केंटकीतनं बंदूक, सारंगीसारखं फिडल आणि दारू गाळायचं तांब्याचं भांडं घेऊन आला होता. ह्युल्डा दक्षिणेची, तिची माणसं जर्मनीतनं बायबल आणि आंबवलेल्या कोबीचं पिंप घेऊन उतरलेली. पहिल्यांदा काउंटीचं कोर्ट होतं आल्टडॉर्फला. एका रविवारी सगळे जर्मन चर्चमधे डोळे मिटून बसलेले बघून टॅरीव्हिलकरांनी कोर्टाची कागदपत्रं गवताच्या गाडीत भरली आणि क्रीकपार केली. जिकडं कागद तिकडं कोर्ट. आल्टडॉर्फनं बदला म्हणून कोर्टाची घंटा पळवून आपल्या चर्चवर टांगली. तेव्हापासून दर रविवारी टॅरीव्हिलकर आपलीच घंटा क्रीकपलीकडनं ऐकायचे आणि दात खायचे. ओर्व्हल-ह्युल्डाच्या लग्नाला चर्चमधे दोन्हीकडचं कुणी आलं नव्हतं. बियरला मात्र सगळे आले होते.

सासऱ्याचं रान मिळालं म्हणून ओर्व्हल दक्षिण काठावर राहिला. त्याची आई मॅटी राहिली पलीकडं, पुलापासनं हाकेच्या अंतरावर. दर रविवारी तो पुलावरनं तिच्याकडं जायचा. आता पूलच त्याच्याकडं आला होता.

न्याहारी उरकायच्या आत ह्युल्डाचा भाऊ ऑगस्ट बोमन ट्रॅक्टर घेऊन हजर. आल्टडॉर्फची पिठाची गिरणी याचीच. हातात जाडजूड साखळी.

"दाजी, हलवू नगा त्येला!" म्हणत त्यानं पुलाचा खांब अक्रोडाला करकचून बांधला.

"आरं, बैल हाय का त्यो, पळून जायला?"

"टॅरीव्हिलवाल्यांचा इस्वास न्हाई. कागदं नेली, पूल बी नेतील."

"पूल त्येंचाच हाय की!"

"हुता. आता देवानं आमच्या हद्दीत आणून ठेवलाय. देवाच्या मनाइरुद्ध जायचा न्हाई बाबा मी."

दुपारी अठरा मैलांचा वळसा घालून प्रूइटबाई आल्या. लव्हिनिया प्रूइट म्हणजे टॅरीव्हिलच्या इतिहास मंडळाच्या अध्यक्षीण. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्यावर पिसाची टोपी. दोन्ही गावांची निम्मी माणसं त्यांच्या हातच्या छड्या खाऊन मोठी झालेली.

"ऑगस्ट बोमन! ही चोरी आहे."

"बाई, पूर काय मी सोडला?"

"या पुलावरून जनरलसाहेब लढाईला गेले होते!"

"पूल बांधायच्या आधीच मेला की त्यो जनरल. तुमीच शिकीवलंय शाळंत."

बाईंनी टोपीचं पीस सरळ केलं. "मग घोडा गेला असेल त्यांचा. पाटीवर तसं आहे."

"पाटी तुमीच लावलीया!"

"मग खरीच असणार!"

ओर्व्हलनं टोपी काढली. "बाई, मला पेरायचंय वो."

"मधे बोलू नकोस, ओर्व्हल. इथं इतिहासाचं काम चाललंय."

तिसऱ्या प्रहरी काउंटीचे कमिशनर डेल्बर्ट स्नीडसाहेब आले. दोन्ही गावांच्या मतांवर निवडून आलेला माणूस. चिखलात उभा राहिला तरी दोन्ही पाय सारखे रुतलेत का ते आधी बघणारा.

"टॅरीव्हिल आणि आल्टडॉर्फ," ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "हे माझे दोन डोळे आहेत."

"म्हून साह्येब तिरळं बगत्यात," ह्युल्डा पुटपुटली, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

साहेबांनी निकाल दिला. पूल म्हणजे काउंटीचा वारसा. कुणाचा ते ठरेपर्यंत त्याचा खिळाही हलता कामा नये.

"आन् मी खाऊ काय?" ओर्व्हल म्हणाला. "खिळं?"

साहेब हसले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मोटारीत बसून गेले.

त्या उन्हाळ्यात सगळ्यांचा मका कमरेला लागला आणि ओर्व्हलच्या बारा एकरांत रानटी सूर्यफुलं माजली. लांबलांबनं माणसं पूल बघायला यायची. आल्टडॉर्फच्या बायकांनी पुलाच्या तोंडाशी सॉसेज भाजायची चूल मांडली. टॅरीव्हिलनं आपल्या काठावर काळी फीत बांधून दर शनिवारी पुलाचा शोक करायचं ठरवलं. शोकानंतर पाय, म्हणजे सफरचंदाचं सारण भरून भाजलेली गोड भाकर, वाटायचे, त्यामुळं गर्दी चांगली व्हायची. क्रीकच्या दोन्ही काठांवर मात्र पुलाचे दगडी ओटे पडलेल्या दातांच्या हिरड्यांसारखे उघडे होते. दुधाच्या गाड्या वळसा घालायच्या, दूध वाटेत नासायचं. नवा पूल बांधा, असं कुणाच्या तोंडून निघेना. नवा बांधला तर जुन्यावरचा हक्क गेला, अशी भीती दोघांनाही.

मॅटी ऐंशीच्या पुढची, अर्धी बहिरी. गुरं, गवत, धारा टाकून ओर्व्हलला दर रविवारी अठरा मैल जमेना. मग मायलेक आपापल्या काठावर उभे राहून बोलायचे.

"आये! पाय कसा हाय?"

"काय?"

"पाय! पाय!"

"व्हय, सफरचंदाचा केलाय! पर तुला धाडू कसा?"

"त्यो न्हवं गं! गुडघा! सुजलाय का?"

"कोण मेला?"

टॅरीव्हिलची पोरं कुंपणावर बसून हसायची. ओर्व्हलही हसायचा. पण एका रविवारी म्हातारी काठावर आलीच नाही. तो हाका मारून थकला. मग गवत तसंच उन्हात टाकून, गाडी काढून तो वळसा घालून गेला. ती तापानं फणफणलेली, घशाखाली पाणी उतरत नव्हतं. डॉक्टर आणून, चार रात्री उशाशी काढून तो परतला, तेव्हा गवत पावसानं कुजलं होतं.

"बऱ्या हायेत ना?" ह्युल्डानं एवढंच विचारलं. सासूचं आणि तिचं कधी पटलं नव्हतं, पण तिनं चुलीवरचं कोंबडीचं सूप आधीच बरणीत भरून ठेवलेलं होतं.

ऑगस्ट महिन्यात कोर्टाच्या दालनात सभा बसली. डाव्या बाकांवर टॅरीव्हिल, उजव्या बाकांवर आल्टडॉर्फ. लाकूड कुणाचं, सुतार कुणाचे, घंटा कुणाची, कागद कुणाचे, सगळं पुन्हा निघालं. ओर्व्हलला कुठं बसावं कळेना म्हणून तो दाराशी उभा. शेवटी न राहवून तो बोलला.

"साह्येब, पूल कुणाचा बी असूंद्या. पर पूल कशापायी असतोय? पाण्यावरनं जायला. रानात ठेवून काय त्येचं लोणचं घालायचंय? पुलाला पाणी पायजे!"

 स्नीडसाहेबांचा चेहरा उजळला.

"हेच! अगदी हेच!" त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "पुलाखाली पाणी पाहिजे! आपण तिथं पाणी नेऊ! क्रीकपासून चर खणू, पुलाखालून काढू, पुन्हा क्रीकला जोडू!"

"मी तसं न्हाई म्हनलं—" ओर्व्हल बोलत राहिला, पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. पूल जागचा हलणार नाही म्हणून आल्टडॉर्फ खूश. पितळी पाटी तशीच राहणार आणि चराला टॅरीव्हिलचं नाव मिळणार म्हणून प्रूइटबाई खूश. शंभर वर्षांत दोन्ही गावांचं पहिल्यांदा एकमत झालं, आणि ते ओर्व्हलच्या रानावर.

"झालं समाधान?" घरी ह्युल्डा म्हणाली. "तोंड उघडलंत आन् रानाचं तोंड फाडून आलात."

यंत्र आलं. लोखंडी दातांनी ते काळी माती ओरबाडून दोन्ही अंगांना ढीग लावत गेलं. ओर्व्हल कुंपणाला टेकून बघत राहिला. खाली पिवळी चिकट चोपण माती लागली तेव्हा तो पुढं झाला, ढिगातली मूठभर माती उचलली, चुरडली आणि परत ठेवून दिली. ह्युल्डा कॉफी घेऊन आली. त्या दिवशी तिनं टोमणा मारला नाही. शेजारी उभी राहिली नुसती.

सप्टेंबरात समारंभ झाला. बँड वाजला, साहेबांनी फीत कापली, चरात गुडघाभर पाणी सोडलं. मग सगळी मंडळी पुलावरनं ओर्व्हलच्या रानातनं ओर्व्हलच्याच रानात गेली, तिथं काहीच नव्हतं म्हणून परत आली आणि जेवायला बसली.

ऑक्टोबर संपता संपता आभाळ पुन्हा फाटलं. तीन दिवस घरातनं बाहेर पडता आलं नाही. उघडलं तेव्हा ओर्व्हलला आधी आवाज आला, मोठ्या पाण्याचा, अगदी जवळनं. तो धावत बांधावर गेला. जुनी क्रीक लांबचा फेरा घेऊन जायची, हा चर होता सरळ. पाणी काही इतिहास मंडळाचं सभासद नव्हतं. त्यानं जवळची वाट धरली. अख्खी पिजन क्रीक चरात शिरली होती. काठ ढासळत, माती गिळत ती पुलाखालनं घोंगावत चालली होती. आणि पलीकडं, टॅरीव्हिलच्या कडेला, जुनं पात्र कोरडं पडलेलं. डबक्यांत मासे तडफडत होते, बगळ्यांची चंगळ चालली होती.

बारा एकरांतले तीन तरी गेले होते. ओर्व्हल उरलेले नजरेनं मोजायला लागला.

तेवढ्यात पुलाच्या आत टक टक वाजलं. अंधारातनं काठी आली, मागनं मेलेल्या नवऱ्याचे बूट, आणि त्या बुटांत मॅटी. हातात फडक्यात बांधलेलं ताट.

"आये! एकटी आलीस?"

"मग काय कमिशनरला कडंवर घिऊन यिऊ?" म्हातारी धापा टाकत म्हणाली. "वड्यात पाणी न्हाई दिसलं, म्हनलं चला. चालत आले. मधी ह्यो पूल लागला, बरं झालं." तिनं पुलाच्या भिंतीवर हात फिरवला. "आमचा पूल हाय, चांगलाच असनार."

"सुतार आमचं हुतं," मागनं ह्युल्डा म्हणाली.

"लाकूड आमचं हुतं."

"बरं, बरं. आत चला, वारं लागतंय," ह्युल्डानं तिच्या हातातलं ताट घेतलं आणि दुसऱ्या हातानं तिला धरलं. ओर्व्हल बघतच राहिला. ह्युल्डानं आईचा हात धरलेला त्यानं आजवर पाहिला नव्हता.

हिवाळ्यात दोन्ही गावांच्या गाड्या त्याच वाटेनं जायला लागल्या. कोरड्या पात्रात खडी पडली, रस्ता झाला. पुलाच्या तोंडाशी स्नीडसाहेबांनी एक दगड बसवला: काउंटीच्या दूरदृष्टीनं क्रीकचा प्रवाह वळवून दोन्ही गावं जोडली, असं त्यावर कोरलेलं. ओर्व्हलचं नाव कुठं नव्हतं. त्याच्या मातीचंही नव्हतं.

मग नवा वाद निघाला. दोन्ही गावांची हद्द होती जुन्या क्रीकच्या मधोमध. क्रीक हलली तर हद्द हलली का? रस्ता सोडून जे कोरडं पात्र उरलं, ते कुणाचं? दोन्ही गावांनी वकील लावले.

"तुमी काय करनार?" ह्युल्डानं विचारलं.

"काय करायचंय? वकील बोलत्यात तवर वाळू रिकामीच हाय."

वसंतात त्यानं पात्रातले दगड वेचले, आळी केली, शेणखत घातलं आणि कलिंगडं लावली. ऑगस्ट येऊन म्हणाला, "दाजी, ही जागा आल्टडॉर्फची हाय बरं का." ओर्व्हल म्हणाला, "व्हय, पाव्हणं." प्रूइटबाई येऊन म्हणाल्या, "ओर्व्हल, हे टॅरीव्हिलचं पात्र आहे." ओर्व्हल म्हणाला, "व्हय, बाई." दोघंही समाधानानं परत गेले. वाळूखाली ओल होती, वर ऊन होतं. वेल असे पसरले की पात्र दिसेना.

ऑगस्ट महिन्याच्या मध्यावर दोघंही एकाच दिवशी कोर्टाचे हुकूम घेऊन आले. निकाल लागेपर्यंत पीक काढायचं नाही.  ओर्व्हलनं सगळ्यात मोठं कलिंगड गुडघ्यावर घेऊन सुरी चालवली, आणि मोठ्ठ्या फोडी दोघांच्या हातात दिल्या. ते वाळूत बसले. रस हनुवटीवरनं गळत होता, आणि भरल्या तोंडानं हद्दीबद्दल बोलता येत नव्हतं.

"गोड हाय," शेवटी ऑगस्ट म्हणाला.

"आमच्या बाजूचं असणार," बाई म्हणाल्या.

"दोन्हीकडनं कलिंगडं उचला," ओर्व्हल म्हणाला. "आन् गाड्या आणा. आज सगळी काढतोय."

त्यांनी गाड्या आणल्या. निकाल पुढच्या वर्षावर गेला. ओर्व्हलनं सुकलेले वेल उपटले, वाळूत गाळाची दोन टोपली माती पसरली आणि दिवस बुडायच्या आत राय या हिवाळी धान्याचं बी फेकून मोकळा झाला.