नसलेल्या पक्ष्याचं गाणं

मी एक जुनी दारावरची बेल आहे. टिंगटाँग करणारी नव्हे. बटण दाबलं की पक्ष्यासारखी किलबिलणारी. सध्या माझा मुक्काम शिवणाच्या कपाटातल्या खणात, हुकांच्या डबीशेजारी आहे. मित्रांनो, एका साळुंकीने माझा गळा कापला. कसा, ते ऐका.

कारखान्यात मला चिमुकला कर्णा मिळाला आणि एकच गाणं. माझ्या खोक्यावर पिवळ्या पक्ष्याचं झोकदार चित्र होतं. वायरमनने मला दाराच्या आतल्या बाजूला, चौकटीच्या वर बसवलं आणि बटण दाबलं. घरातल्या शिवणकाम करणाऱ्या बाई खूश झाल्या. आतल्या खोलीत मशीन सुरू असलं की त्यांना दारावरची टकटक ऐकू येत नसे, आणि गिऱ्हाईक कंटाळून परत जाई. माझा आवाज मात्र त्या खडखडाटातून आरपार जायचा.

बाईंचे सासरे खिडकीपाशी बसले होते. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासून त्यांचे डोळे अधू झाले होते; आता ते कानांनी चुका काढत. त्यांनी विचारलं, "हा कोणता पक्षी?"

"पक्षी म्हणजे पक्षी, आजोबा. खोक्यावर बघा की, पिवळा आहे," वायरमन म्हणाला.

"असा पक्षी नाही," ते म्हणाले आणि पुन्हा खिडकीकडे वळले.

तेव्हापासून माझ्या पोटात दुखू लागलं. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणे, किती गोड बेल. पण आजोबांची दाद खिडकीबाहेर जाई. पहाटे दयाळ विजेच्या खांबावर बसून शीळ घाली, आणि रोज तीत काहीतरी नवं घाली. मला नवं काही कुठून सुचणार? बुलबुल तर गप्पा मारल्यासारखा गाई. मुठीत मावेल एवढा शिंपी पक्षी पानं शिवता शिवता साऱ्या आवाराला ऐकू जाईल असं ओरडे, आणि आजोबा हाक मारत, "सूनबाई, तुझ्या धंद्यातला आला गं." नाचण शेपटीचा पंखा उघडून जिना उतरल्यासारखे सूर काढी. हळद्या पानांत लपून बासरी वाजवी. आणि तो तर खरोखरच पिवळा.

एकदा आजोबा म्हणाले, "कावळासुद्धा गाणाऱ्या पक्ष्यांच्याच कुळातला, बरं का. कोकिळेला मात्र त्या कुळात जागा नाही."

"काहीतरीच काय बाबा," बाई हसल्या.

मला हसू आलं नाही. म्हणजे कावळ्याचीही वर्णी लागली, आणि मी चौकटीवर लटकलेलीच.

वळचणीच्या भोकात एका साळुंकीचं घर होतं. ती तासन्‌तास माझ्यासमोरच्या खिडकीच्या गजावर बसून मान वाकडी करून माझ्याकडे बघे. मला वाटलं, चला, कोणीतरी कदर करणारं भेटलं.

मग दाराशी गडबड सुरू झाली. बेल ऐकू येई, बाई शिलाई अर्धी सोडून धावत, आणि दारात कोणी नसे. शेजारीण म्हणाली, "तुझ्या बेलला लहर येते वाटतं." बाई खऱ्या बेललाही उठेनाशा झाल्या, आणि लग्नाचा ब्लाऊज न्यायला आलेलं गिऱ्हाईक दारातूनच तणतणत गेलं. शेवटी वायरमनला बोलावलं.

"आत ओल गेलीय, ताई. जुनं झालं, आता भरवसा नाही."

मी वाजलेच नव्हते. पण हे सांगायलाही कोणीतरी माझं बटण दाबायला हवं होतं. त्याने मला उतरवून टेबलावर ठेवलं आणि तो निघून गेला.

बाई मशीनवर बसतात न बसतात तोच माझं गाणं वाजलं. सवयीने उठून त्यांनी दार उघडलं. कोणी नाही. त्यांनी वर पाहिलं, तर नुसत्या दोन वायरी. मग टेबलावर माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, बेल तर इथे आहे."

आजोबांनी कान दिला आणि त्यांना हसू आवरेना. "आपली साळुंकी गं. शेवटची गिरकीसुद्धा उचललीय बयेने."

"मग बेल चांगलीच आहे की. परत लावू?"

माझा जीव भांड्यात पडला. पण घटकाभरच.

"लावलीस तर दार कोणासाठी उघडायचं ते कसं कळणार? वेगळ्या आवाजाची आण." मग खिडकीकडे वळून ते म्हणाले, "पण आता असा पक्षी आहे हं."

मित्रांनो, एवढ्या वर्षांत मिळालेली ती एकच दाद, आणि तीही सवतीच्या नावावर. बाईंना मला टाकवलं नाही, म्हणून इथे आहे.

तुमच्या घरात काही बिनसलं, तर जुन्या वस्तूला बोल लावण्याआधी खिडकी उघडून जरा ऐका. माझी आणखीही एक विनंती आहे. हल्ली साळुंकीचं पिल्लूही माझं गाणं म्हणतं. सुरुवात बरी करतं. शेवटची गिरकी मात्र साफ चुकतं, आणि आजोबा तरीही वाहवा म्हणतात. खण उघडाल तेव्हा माझ्या वायरी क्षणभर जोडा आणि बटण दाबा. चुकीचं गाणं माझ्या नावावर नको.