स्पॅममधल्या तीन प्रतिक्रिया

"आत्या, ही मंगल कोण? हिच्या तीन प्रतिक्रिया स्पॅममध्ये पडल्यात."

रविवारी दुपारी माझी भाची श्रद्धा माझ्या लॅपटॉपसमोर बसली होती. मी शेंगा सोलत होते. असेल कुणी तेल विकणारी, टाक पुसून, असं मी मान वर न करताच म्हणाले.

ब्लॉग हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. मिरजेच्या एका दवाखान्यात मी चौतीस वर्षं नर्स होते. तिथल्या आठवणी नावं न घेता लिहिते. वाचणारे दीड-दोनशे, आणि गुडघ्याचं तेल, ऑनलाइन रमी, दुबईची नोकरी घेऊन येणारे हजार. मागच्या वर्षी वैतागून मी स्वतःच एक नियम लावला. प्रतिक्रियेत दहा आकडी नंबर दिसला की ती थेट स्पॅममध्ये. वॉर्ड धुऊन काढावा तसा ब्लॉग स्वच्छ झाला आणि माझी हुशारी मी चारचौघींत मिरवलीसुद्धा. आपल्याकडची खेड्यातली माणसं प्रतिक्रियाही पत्रासारखी लिहितात. खाली नाव, गाव, तालुका आणि मोबाइल नंबर टाकल्याशिवाय त्यांना ती पुरी झाल्यासारखी वाटत नाही. जन्म इथंच काढलेल्या बाईला हे कळायला हवं होतं.

श्रद्धा वाचू लागली. पहिली प्रतिक्रिया नऊ महिन्यांपूर्वीची होती. 'तुम्ही ज्या मेंढपाळाबद्दल लिहिलंय ते माझे वडील, बिराप्पा. त्यांच्या उशाखालची मेंढीची घंटी अजून आमच्या घरी आहे. आई धोंडुबाईला तुमच्याशी बोलायचं आहे. फोन करा.' दुसरी दोन महिन्यांनंतरची. 'आई लय आजारी आहे. दोन मिनिटं बोला.' तिसरी दिवाळीनंतरची. 'आई गेली. आता फोन नको. लेख चांगला आहे.' प्रत्येकीखाली मंगल, गाव, तालुका कवठे महांकाळ, आणि नंबर.

माझा हात थांबला. फोन केला नाही म्हणून मला वाईट वाटतंय, असं श्रद्धाला वाटलं. ते होतंच. पण खरी लाज निराळी होती आणि ती तिला सांगायचं धाडस मला झालं नाही.

त्या लेखात मी लिहिलं होतं, 'लेक आईला आणायला स्टँडवर गेली होती. म्हातारबाबांच्या तोंडात शेवटचं पाणी मी घातलं.' घातलं नव्हतं. ते गेले तेव्हा मी नर्सेसच्या खोलीत निवृत्त होणाऱ्या एका सिस्टरच्या निरोपाची भजी खात होते. दहा मिनिटांनी परत आले तर सगळं आटोपलेलं होतं. बावीस वर्षं ते मनात सलत राहिलं, आणि लिहायला बसले तेव्हा ते वाक्य खोटंच उतरलं. खाली कितीतरी जणांनी हात जोडले होते. मी ते मुकाट्यानं घेतले.

श्रद्धा गेल्यावर मी नंबर लावला. पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता. मी नाव सांगितलं. मंगल म्हणाली, "बोला सिस्टर." मी नियमाचं सांगून माफी मागितली. नंतर पाण्याचंही एका दमात सांगून टाकलं. आता ती शिव्या देईल, म्हणून फोन घट्ट धरून उभी राहिले.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "मी आले तवा तांब्या काठोकाठ भरल्याला हुता. मीच भरून ठिवला हुता."

सगळं ठाऊक होतं तर मला फोन कशासाठी करायला सांगत होतात, असं मी विचारलं.

"आय इचारायची, त्येंच्या तोंडात पानी कुनी घातलं. मी म्हनायची, सिस्टरनं घातलं. बावीस वर्सं म्हनत आले. तिला पटायचं न्हाई. तुमचं लिवल्यालं वाचून दावलं, तर म्हनली, त्या बाईच्या तोंडनं एकदा ऐकू दे. एवढंच काम हुतं."

ते वाक्य मी आजच काढते आणि खरं काय ते लिहिते, असं मी म्हणाले.

"नगं. आय त्येच ऐकून गेलीया. ऱ्हाऊ द्या." कवातरी गावाकडं या, असंही ती म्हणाली, आणि मेंढरं पांगायला लागली म्हणून तिनं फोन ठेवला.

मी नियम काढून टाकला. नंबर तेवढे पुसून तिच्या तिन्ही प्रतिक्रिया लेखाखाली घेतल्या. वर माझं वाक्य होतं तसंच राहिलं.

सकाळी तेलवाले आणि रमीवाले पुन्हा आले होते. एकेकाला बाहेर काढलं. त्यांच्यात कुणा अनोळखी बाईंची एक प्रतिक्रिया होती. 'अशा सिस्टर आता राहिल्या नाहीत.' तीही पुसायला निघाले होते, पण मग मंगलच्या तिन्ही प्रतिक्रिया पुन्हा वाचल्या आणि ती राहू दिली. ब्लॉग उघडला की आता रोज पहिली तीच दिसते.