भुजंगचा टाक

भुजंग जिवंत परत आला, तेव्हा त्याचा टाक देवघरात कधीचाच बसला होता. आता बोला!

टाक म्हणजे चांदीचा बोटभर पत्रा. त्यावर घोडा, अन् घोड्यावर ढाल-तलवारवाला वीर. माणूस लढाईत पडला की त्याचा टाक करायचा, देवांच्या रांगेत बसवायचा आणि रोज नैवेद्य दाखवायचा, ही या धनगरांच्या घरातली जुनी रीत. भुजंगचा टाक ताडकळसच्या सोनारानं घडवला तो नुसत्या सरकारी तारेवरून. फौज श्रीलंकेत गेली होती, शांती करायला. भांडण तिथल्या सिंहली-तमिळांचं, अन् मध्ये उभी आपली पोरं. आधी तमिळांनी त्यांना हार घातले, मग त्यांच्यातल्याच बंदूकवाल्यांनी गोळ्या घातल्या. बाजाराच्या दिवशी चहा ढोसणारे एकमेकांना विचारायचे, "शांती करायला गेलते तर बंदुका कामून न्हेल्या?" दिल्लीवाल्यांना तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे. एके दिवशी तार आली, भुजंग बेपत्ता.

भुजंगचा चुलता येडबा. भावकीत त्याचा शब्द शेवटचा. महिन्यांमागून महिने गेले, खबर नाही, तेव्हा तो म्हणाला, "समुंदरापल्याड बेपत्ता म्हंजी गेलाच." दर्भाचा भुजंग करून जाळला. दहाव्याला गंगेकाठी, म्हणजे आपल्या गोदावरीवर, पिंड ठेवला. बायको सुलाबाई अजून कोवळी पोर. तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. आई कासाबाईनं अंथरूण धरलं.

आणि हा बाबा भर दुपारी लंगडत वाडीत शिरला! बाया किंचाळत घरात पळाल्या. कासाबाईनं आधी त्याचे पाय निरखले, सरळ आहेत का उलटे, आणि मग अशी मिठी मारली की सोडवता सुटेना. मद्रासच्या लष्करी दवाखान्यात तो बेशुद्ध पडून होता; अंगावर वर्दी नाही, म्हणून ओळख पटली नव्हती. सापडल्याची तार त्याच्या मागून आली.

सुलाबाईला वाटलं, आता कुंकू लावावं. हात करंड्याकडं गेलाही. पण येडबा आडवा आला. "थांब पोरी. टाक देवघरात हाय तवर हा मेलेलाच. भुजंगनं आपल्या हातानं टाक गंगेत सोडून थंड करायचा. मंग तुहं कुंकू, मंग तुमचा संसार. तवर त्यानं वाडग्यात निजायचं."

एवढंच ना? सुलाबाई त्याच रात्री न्यायला तयार होती. पण भुजंगच टाळू लागला. कधी पाय दुखायलाय, कधी मेंढरं आजारी. मेंढरांच्या वाडग्यात बसल्या बसल्या तो एकदम अंग चोरून बाजूला सरकायचा, कोणाला तरी जागा करून द्यावी तसा. मान हलवायचा. पुटपुटायचा. त्यातला एकच शब्द सुलाबाईला कळायचा, "अम्मा." तिच्या अंगावर काटा यायचा आणि रागही यायचा. पाणवठ्यावर बाया विचारायच्या, "काय गं, नवरा जित्ता अन् कपाळ कोरं?" पाण्याची घागर त्यांच्या डोक्यात घालावी असं वाटे.

शेवटी एका दुपारी तिनं वाडग्यात जाऊन त्याला गाठलंच.

"सांगा आज. मी नको झाले का तुमाला? लंकेत दुसरी केली का?"

"न्हाई गं."

"मंग टाकाला कामून धरून बसलाव?"

तो मेंढराच्या पाठीवरून हात फिरवत बोलू लागला.

"गस्तीवर गोळी लागली. ताडाच्या बनात पडलो. एका म्हातारीनं वढून घरात न्हेलं. तिची बोली मला खुणंखुणंनं उमगायची. तिचं एक पोरगं लढाईत मेलेलं, दुसरं जंगलात, आमच्यावरच गोळ्या घालायलेलं. तरी तिनं मला लपीवलं. मेलेल्या पोराची लुंगी नेसवली. बंदूकवाले आले तर त्यायला म्हनली, हा माझा लेक, तापानं फणफणलाय."

"मंग?"

"मंग आपली फौज आली. ती दारात हात पसरून हुबी. मला न्यायला दुश्मनच आलेत असं वाटलं तिला. तिची भाषा फौजेला समजंना, फौजेची तिला. मी आतून वरडलो, फायरिंगात कोन ऐकायलंय? ती दारातच मरून पडली. मला बाहीर काढलं ते तिच्या अंगावरून."

सुलाबाई त्याच्याजवळ खाली बसली.

"मह्या पिंडाला कावळा शिवला म्हनं?" त्यानं विचारलं.

"ठेवताक्षणी." तिला आठवलं, बाकीच्या पिंडांसाठी कावळ्यांना तास तास विनवावं लागतं. हा कावळा सरळ येऊन बसला होता.

"मी तर जित्ता होतो सुले. मंग घास खाल्ला कोनी?"

भर उन्हात तिनं पदर अंगाभोवती लपेटून घेतला. तो म्हणाला, "तिला पानी पाजायला कोनी न्हाई. नावबी ठाव न्हाई मला. रोज येती, बाजूला बसती. टाक बुडवला तर तिनं जावं कुठं?"

अमावस्येला येडबानं कोणाचं काही ऐकलं नाही. सगळ्यांना गंगेवर आणलं. भुजंग गुडघाभर पाण्यात उभा, मुठीत टाक. मूठ उघडेना. काठावर सुलाबाई. कुंकवाचा करंडा तिच्या पदराच्या गाठीला बांधलेला. मूठ सुटली की कपाळाला बोट लावायचं, एवढंच बाकी होतं. तिला ते कुंकू फार हवं होतं. जीव तुटत होता तिचा त्याच्यासाठी.

पण तीच लुगडं भिजवत पाण्यात उतरली आणि नवऱ्याची मूठ आपल्या दोन्ही हातांनी आवळून धरली. मग येडबाकडं वळून म्हणाली,

"मामा, टाक थंड करायचा न्हाई. ह्यात दुसरं कोनी बसलंय." आणि पाण्यात उभ्यानंच तिनं सगळं सांगितलं.

येडबा चिडला. "येडी का खुळी तू? टाक ऱ्हायला तर कपाळ असंच ऱ्हाईल. नवऱ्याच्या हयातीत रांडपन काढशील?"

"काढीन," सुलाबाई म्हणाली. एक हात मात्र पदराच्या गाठीकडं गेला.

कासाबाई काठावरून पुढं आली. ती लेकाला म्हणाली, "त्या बाईनं तुला काय खाऊ घातलं रं?"

"भात. नारळाचं कालवन."

घरी आल्यावर कासाबाईनं टाक जागेवर बसवला. सणाचा राखलेला तांदूळ काढला, भात रांधला, नारळ वाटला. पान वाढून दाराकडं तोंड करून म्हणाली, "ये बाई. मह्या लेकाला जगीवलंस. बस, जेव."

दारात कोणी नव्हतं. भुजंग मात्र एका बाजूला सरकला आणि परतल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवला. टाक आहे तोवर संसार नाही, हा येडबाचा हुकूम मोडायला कोणी धजलं नाही; जेवून तो वाडग्यातच निजायला गेला. सुलाबाईनं खरकटं काढलं, चुलीपाशी बसून पदराची गाठ सोडली, करंडा फडताळात मागं ढकलला आणि हमसून हमसून रडली.