चुलीमागचे तीन पक्षी

राजाला हटवणाऱ्या पॅरिसच्या नव्या सरकारचा हुकूम आला, की चुलीमागच्या बिडाच्या पाटीवर राजाचं किंवा सरदाराचं चिन्ह असेल तर ती उलटी फिरवा. बार्बनं लोहाराला बोलावून फिरवून घेतली. पण लॉरेनमधल्या घरांत ही पाटी दोन खोल्यांमधल्या भिंतीच्या भोकात बसवलेली असते, हे पॅरिसच्या शहाण्यांना कुठलं ठाऊक! कोरी बाजू चुलीकडे आली आणि चिन्ह पाटीच्या मागच्या अंगाला, पलीकडच्या खोलीतल्या कपाटात गेलं. त्याच कपाटाचं दार उघडं ठेवून तिचे सासरे कोला तापल्या पाटीपुढे शेकत पडून असत. त्यांचे सांधे धरलेले. ती ऊब गेली तर म्हातारा हिवाळा काढणार नाही, हे बार्बला पक्कं माहीत होतं.

त्यात बाईची खोड. वीस वर्षं जिच्यासमोर रांधलं तिच्यावर काजळीखाली आहे तरी काय, हे पाहिल्याशिवाय तिला चैन पडेना. सकाळी तिनं काजळी खरवडली. खाली ढाल निघाली, ढालीवर तिरका पट्टा, पट्ट्यावर तीन पक्षी. ना चोच, ना पाय.

"मामंजी, हे काय हो?"

"आमच्या ड्यूकचे गरुड. लॉरेनवर त्यांचं राज्य होतं तेव्हा माझे वडील त्यांच्या पहाऱ्यावर होते. नीट उभी राहा."

दुपारी तपासनीस आला, गावातलाच मोची सेबास्तियाँ. "नागरिक बार्ब, पाटी फिरवलीस?" अहोजाहोला आता बंदी होती. बार्बची काही अडचण नव्हती, लहानपणी याचं नाक तिनंच पुसलं होतं.

"डोळे आहेत ना? बघ की."

कोरी बाजू पाहून तो निघाला आणि थबकला. "होतं काय गं तिच्यावर? लहानपणापासून मनात आहे." तिच्यासारखाच चौकस निघाला मेला! ती अडवायच्या आत तो पलीकडच्या खोलीत शिरला.

"हे पक्षी कुणाचे? सरदाराचे असले तर पाटी फोडावी लागेल, सांगून ठेवतो."

"कोंबड्या आहेत," बार्ब म्हणाली. "चोच दिसते? पाय दिसतात? साफ करून भाजायला काढलेल्या."

"ढालीवर?"

"ताट आहे ते!"

सेबास्तियाँ हसला, पण म्हाताऱ्याकडे वळला. कोला खोटं बोलत नाही हे सगळं गाव जाणून होतं. "आजोबा, तूच सांग."

कोलानं पाटीवरच्या पक्ष्यांकडे पाहिलं.

"कोंबड्या," तो म्हणाला. "लठ्ठ कोंबड्या."

तपासनिसानं तसं लिहून घेतलं आणि तो गेला. बार्बला हसू आवरेना. "मामंजी, काय पण ठोकून दिलीत!"

म्हातारा भिंतीकडे तोंड करून रडत होता.

"कपाटाचं दार लाव," तो म्हणाला. "त्या गरुडांसमोर नको झोपायला मला."