लाल पट्टा

ओढ्यात उतरलं की आधी वास यायचा. सडक्या फळासारखा गोडसर, आणि त्याखाली औषधाचा उग्र दर्प. पाण्यावर फेस, काठाला पोट फुगून उलटे पडलेले मासे, फवारणीचे पंप धुऊन तिथेच भिरकावलेले औषधाचे रिकामे डबे. नकाशावाल्या बाई नाकाला रुमाल बांधून पाणी आणि गाळ बाटल्यांत भरायच्या.

कुठे किती फवारणी होते, पाणी कुठून कुठे उतरतं, वाटेत कुणाच्या विहिरी आहेत, हे सगळं जुळवून त्यांनी नकाशा काढला. धोका जास्त तिथे लाल, कमी तिथे पिवळा. ओढ्याच्या दोन्ही काठांना जाड लाल पट्टा उमटला.

बाईंचा धाकटा दीर कीटकनाशकांच्या कंपनीत विक्रीचा साहेब होता. नकाशा बघून म्हणाला, "वहिनी, एक प्रत द्या ना. आमच्या विक्रीच्या पोरांना कळू दे, आपण काय विकतो ते."

बाईंना बरं वाटलं. नवऱ्याला म्हणाल्या, "भावजींना उपरती झाली म्हणायची."

"त्याला? सूर्य पश्चिमेला उगवला की काय!" नवरा हसला.

एका दुपारी ओढ्यावरून परतताना त्या दिराच्या ऑफिसात डोकावल्या. आत विक्रीच्या पोरांची बैठक चालली होती. भिंतीवर त्यांचाच नकाशा आणि लाल पट्ट्यात टोचलेल्या टाचण्या.

"जिथे लाल, तिथे लोक भरमसाट फवारतात," दीर सांगत होता. "म्हणजे गिऱ्हाईक तिथेच. एक घर सुटता कामा नये."

"आणि पिवळं, साहेब?"

"ते पुढच्या हंगामात लाल करायचं!"

खोली हशाने दणाणली. तेवढ्यात दारात उभ्या बाईंकडे दिराचं लक्ष गेलं.

"या वहिनी! अरे, यांनीच काढलाय नकाशा. टाळ्या वाजवा!"

पोरांनी वाजवल्या. बाईंनी पिशवीतली एक बाटली काढून टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. बंद खोलीत वास झपाट्याने पसरला. कुणी नाक दाबलं, कुणी खिडकीकडे धावलं.

"वहिनी, हे काय! इथे आम्ही जेवतो."

"ओढ्याकाठीही माणसं जेवतात, भावजी."

त्यांनी नकाशा ओरबाडून काढला. टाचण्या फरशीवर विखुरल्या.

"न्या, न्या," दीर खिशातून मोबाईल काढत म्हणाला. "यात फोटो आहे ना." मग शिपायाला हाक मारली, "अरे, तो सुगंधी फवारा आण जरा."

त्यानंतर बाईंनी दिराच्या घरचं पाणीही तोंडाला लावलं नाही. नवरा म्हणाला, "सख्खं नातं आहे, तुटेल." बाई म्हणाल्या, "तुटू दे."

पुढच्या फेरीत ओढ्याजवळच्या घरातल्या आजींनी त्यांना ओसरीवर बसवलं. कोपऱ्यात औषधाचा कोरा करकरीत डबा होता.

"तुमचा नकाशा दाखवत पोरं आली होती," आजी कौतुकाने म्हणाल्या. "म्हणाली, इथे कीड फार, हे जालीम औषध मारा. भली पोरं हो."

"आजी, नकाशात कीड नाही. विष आहे. तुमच्या विहिरीतसुद्धा. ते पाणी पिऊ नका."

आजींनी विचारलं, "मग हे त्या पोरांना सांगितलंत, नि आम्हाला नाही?"

बाईंना स्वतःचीच किळस आली. त्या उठल्या आणि ओढ्यात उतरण्याऐवजी शेजारच्या घराची कडी वाजवली.